कनातीपलीकडचं हसू

"आज बी तोच सिनेमा?" मनकर्णानं विचारलं.

चंपत आरशासमोर भांग पाडत होता. "तोच त हाये. दुसरा कुठं लागला?"

"पाचव्यांदा?"

"चांगला हाये म्हनून. लोकाईले समजला नाई."

लोकांना न समजण्यासारखं त्यात होतं तरी काय? गुडीहत्नूरला हमरस्त्याच्या कडेला टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. मारामारीचा सिनेमा असला की बैलगाड्या भरभरून माणसं यायची. हा लागला आणि तंबू ओस पडला. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारे दोन फटिंग, डोंगरातली हरवलेली नगरी, मागं लागलेले चोर आणि नुसती पळापळ. शेजारचे अमृतराव मास्तर तर अर्ध्यातूनच उठून आले. "डोकं उठलं बापा," म्हणाले. आणि मंडल कचेरीतला चंपत, ज्यानं लग्नानंतर पाच सिनेमे पाहिले नसतील, तो एका आठवड्यात पाचव्यांदा निघाला होता. वर इस्त्रीचा सदरा!

"असं काय हाये त्याच्यात? सांगा तरी."

चंपतचा चेहरा खुलला. "अवं, दोघं जन भिंतीच्या दोन अंगाले कैद असतात. तोंडानं एक शब्द बोलत नाईत. पन याच्या मनातलं त्याले समजते, त्याच्या मनातलं याले. तिकडं तो एक गंमत आठवते, अन् इकडं हा पोट धरून हासते. पहारेकरी येडा होऊन जाते! लई भारी सिनेमा हाये."

"मंग माह्या मनातलं सांगा बरं."

तो कंगवा खिडकीत ठेवून म्हणाला, "शेंगदान्याचं कूट केलं का? गूळ जास्ती टाकजो. अन् बारीक कर, मैद्यावानी."

तिनं स्टीलची डबी त्याच्या हातात आदळली. याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. अख्खे दाणे कडाकडा फोडणारा माणूस. त्याला बारीक कूट कशाला लागतं? कोणत्या लाडूबाईचे हे चोचले?

तो गेला. मनकर्णा भांडी घासायला बसली, तर हातातलं पातेलं चारदा आपटलं.

चंपत तसा शब्दाचा पक्का. दोन वर्षांमागं घरात मोठं भांडण झालं. सासू रुक्माबाई गाठोडं घेऊन रस्त्यापलीकडच्या वस्तीत लेकीकडं निघून गेली. तेव्हा मनकर्णानं त्याला बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभं केलं होतं आणि 'आईसंगं बोलनार नाई' असं वदवून घेतलं होतं. आजवर त्यानं तो शब्द मोडला नव्हता. पण दुसऱ्या बाईबद्दल शब्द घ्यायचं तिला सुचलंच नाही. तिथंच चुकलं.

आणि बाई कोण, हे काय सांगायला पाहिजे? अंगणवाडीवर नवीन आलेली विमलबाई. परवा नळावर हीच म्हणत होती, "मी त दोनदा पाह्यला. हासून हासून मेली मी." दात कसे मोत्यासारखे! सदा पावडर लावून, केसांत अबोली माळून. तिचं ते हसणं आठवलं आणि मनकर्णानं हातातली राख फेकली. पदर खोचला आणि तंबूची वाट धरली.

तंबूत मधोमध कापडाची कनात होती. डावीकडं बाया, उजवीकडं गडी. बायांच्या अंगाला जेमतेम सहा जणी होत्या. मनकर्णा मागं अंधारात बसली. पुढंच अबोलीचा गजरा दिसला. विमलबाईच! पण ती तर मांडीवरच्या लेकराला थोपटता थोपटता स्वतःच पेंगत होती.

पडद्यावर भिंतीचा तो सीन आला. कनातीपलीकडून हसू फुटलं. ते चंपतचं होतं. घरात असं मोकळं हसल्याला त्याला दोन वर्षं झाली असतील. तिला कळेना, राग जास्त आला की रडू.

आणि त्या हसण्याला लगेच इकडून जबाब मिळाला. कनातीला अगदी खेटून, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई बसली होती. तो हसला की ही हसायची. ही थांबली की तो थांबायचा. पडद्यावर हसण्यासारखं काही नव्हतं तेव्हाही दोघं हसत होते.

मग कनातीखालून एक हात आला. मनगटावर मनकर्णाच्या बापानं लग्नात दिलेलं घड्याळ. हातात स्टीलची डबी. तिचीच, झाकणावर 'मनकर्णा' कोरलेली! बाईनं डबी घेऊन मांडीवर ठेवली. हात मात्र सोडला नाही. दोन्ही हातांत धरून ठेवला, कुरवाळत राहिली.

बायांना तुडवत मनकर्णा पुढं गेली. "रांडे! माह्या घरचं कूट खाते, अन् माह्याच नवऱ्याचा हात धरते?" असं ओरडून तिनं त्या बाईचा पदर खस्‌कन ओढला.

त्याच वेळी मध्यंतराचे दिवे लागले.

पदराखालून पांढरे केस मोकळे झाले. बोळक्या तोंडाला कूट लागलं होतं. रुक्माबाईंनी घाबरून लेकाचा हात सोडला आणि सुनेपुढं दोन्ही हात जोडले.

"एक शब्द बोललो नाई वो मनकर्णे. फोटोची आन. आमी एक शब्द बोललो नाई."