नेहमीच्या माणसाचं माप

कुत्रं आडवं आलं आणि शैलेशनं करकचून ब्रेक दाबला. धक्का बसायच्या आतच समोरून एअरबॅग फुगून आली. हेमांगीला काही लागलं नाही. पण एअरबॅग छातीला टेकली, तरी पोटापाशी तिच्यात मोठा खळगा होता, आणि सीटबेल्टही आपणहून खाली, मांड्यांशी सरकला होता.

"नेहमीच्या प्रवाशाच्या मापानं संरक्षण दिलं आहे," गाडी म्हणाली.

हेमांगीनं खळग्यात हात घातला. आत कलिंगड मावलं असतं.

"कोण बसतं रे इथं?"

"कोणी नाही."

"खोटं बोलू नकोस. ही गाडी कुणाचं तरी पोट सांभाळतेय. कोण आहे ती?"

शैलेशनं गाडी कडेला घेतली. "यामिनी." यामिनी त्याची धाकटी बहीण. "सहावा चाललाय. डॉक्टरकडे मीच नेतो. तुला त्रास होईल म्हणून घरात कुणी बोललं नाही."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. व्हिडिओ कॉलवर यामिनी हल्ली नुसता चेहराच दाखवायची, तो यासाठी! तिच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं, आणि हेमांगी कित्येक वर्षं मुलासाठी उपचार घेत होती. दुसरी कुणी बाई असती, तर हेमांगीला निदान भांडता तरी आलं असतं. आता नणंदेच्या डोहाळजेवणात हसत हसत वाढावं लागणार होतं.

"तुमच्या मापानं बदल करू?" गाडीनं विचारलं.

"कर!" हेमांगी फणकारली.

पट्टा वर सरकला. खळगा हळूहळू भरत गेला, आणि एअरबॅग तिच्या पोटाला अगदी सपाट चिकटून बसली.