दोघांना कुंकू

"मिक्सरला लावलं, स्कूटीला लावलं, मग तुझ्या या डब्यानेच काय घोडं मारलंय?" दसऱ्याच्या पूजेचं तबक घेऊन आई दारात उभी होती.

"लाव बाई, काय लावायचं ते!" म्हणत निनाद तणतणत आंघोळीला गेला. संध्याकाळी फायनल होती आणि गेमिंगचा कॉम्प्युटर नेमका आत्ताच रुसला होता. आतली दोन्ही ग्राफिक्स कार्डं मर्यादेबाहेर पळवली, की तापायची आणि ऐन लढाईत सगळंच बंद पडायचं.

फायनलमध्ये मात्र कार्डं सुसाट पळाली, तीही शेवटपर्यंत! टीम जिंकली. कट्टर नास्तिक निनादने इकडेतिकडे बघून टेबलाखालच्या डब्याला चक्क हात जोडले.

तेव्हा त्याला दिसलं. डब्याचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि आत दोन्ही कार्डांना कुंकू लागलं होतं.

"आई, झाकण कोणी काढलं?"

"मीच. दोघांना कुंकू लावायचं, तर दार नको उघडायला? आणि मेली किती उकाड्यात कोंडलीस रे ती!"

निनादचे हात जोडलेलेच होते. त्याने ते निमूटपणे आईकडे वळवले.

"नाटकं पुरेत. सकाळचा ओला टॉवेल पलंगावरून उचल आधी."