अमीनाचे सोंग

दिंद्रुडच्या चावडीपुढे हशा अर्ध्यातच विरला. रुमी टोपी, हातात वेताची छडी आणि शेळीच्या केसांची चिकटवलेली मिशी अशा थाटात, निजामी पोलिसांच्या अमीनाचे, म्हणजे फौजदाराचे, सोंग घेऊन बहुरूपी बद्रीनाथ उभा होता. कुणाचेही गाऱ्हाणे ऐकून तो छडी आपटून गरजे, "तहकीकात होगी!" या पालुपदावर गाव दर साली पोट धरून हसे; म्हातारा तात्याबा तेवढा मान हलवी, "सोंग बरं हाय बे, पर खऱ्या अमीनावानी न्हाई. कायतरी कमी पडतंय."

आज मात्र छबुबाई पुढे आली होती.

"देशमुखांनी माझी गाय सोडून नेलीया, साहेब."

"तहकीकात होगी!" बद्रीनाथ सवयीने गरजला.

"खरा अमीन बी हेच म्हणलाय," ती शांतपणे म्हणाली. "तुमी सोंग हाव, ठावं हाय मला. पर तुमचं ऐकाया गाव तरी जमतंय. देशमुख बी हितंच बसल्यात. इचारा की त्यास्नी, गाय कावून नेली?"

ओट्यावर देशमुखांचा अडकित्ता थांबला. दर साली बहुरूप्याच्या झोळीत धान्याचे पहिले सूप त्यांच्याच वाड्यातून पडे.

बद्रीनाथने मिशी सावरली, छडी काखेत मारली आणि वेशीची वाट धरली.

 

पाठमोऱ्या त्याच्याकडे पाहत तात्याबा म्हणाला, "आता जमलं बे! हुबेहूब!"