वीणेचा पहारा

सांगलीच्या अलीकडच्या स्टेशनात गाडी केव्हाची अडकली होती. समोर सीट रिकामी असूनही नाथाजी उभाच होता. गावच्या सप्ताहात गुडघेदुखीचे आप्पासो गळ्यात वीणा घेऊन तसेच उभे होते. पुढचा पहारा नाथाजीचा. दुसऱ्या कुणी घेतल्याशिवाय वीणा उतरवायची नसते. “आत्ता सुटेल,” स्टेशनमास्तर पुन्हापुन्हा सांगत, आणि नाथाजी तेच आप्पासोंच्या बायकोला, भामाकाकूला, फोनवर. शेवटी शेजारची म्हातारी फलाटावर उतरून कडाडली, “उशीर सोसू, पण खरं सांगा. तेवढा हक्क हाय आमचा!” मास्तर वरमले. “इंजिन बिघडलंय. संध्याकाळ होईल.” नाथाजीनं फोन लावला. “काकू, माझी वाट बघू नगा.” “आदी सांगायचं न्हाई व्हय रं?” मग नवऱ्याला म्हणाली, “आवं, द्या ती वीणा हिकडं!” फोनमधून तार झणकारतच राहिली, ‘रामकृष्णहरी’ आता काकूच्या आवाजात आलं. “टेकलो, गड्या,” आप्पासो म्हणाले. तेव्हा कुठे नाथाजी बसला.