आजऱ्याचा परवाना

"आजरा ह्यात न्हाय," परदेशी नोंदणी कचेरीतले कारकून गणपतराव तेराव्या दिवशीही तेच म्हणाले.

रफिकनं कपाळावर हात मारला. कराचीहून आलेल्या त्याच्या बहिणीच्या, सुगराच्या व्हिसावर गाव एकच होतं, कोल्हापूर. मुक्काम वीस दिवसांचा. आणि अम्मा नेमकी आजऱ्यात, धाकट्या लेकीच्या, नजीराच्या घरी. सुगरा यायच्या आदल्या आठवड्यात ती तिकडं गेली काय, अन् पाय मोडल्याचा निरोप आला काय. नशीबच खोटं, दुसरं काय म्हणायचं.

"साहेब, आजरा कोल्हापूर जिल्ह्यातच हाय की."

"व्हिसावर शहर लिवलंय. जिल्हा न्हाय."

सुगरा पुढं झाली. "पासपोर्टात माझं जन्मगाव बघा की, कोल्हापूरच हाय. नाळ हितंच पुरलीया माझी."

"त्यावर परवानगी मिळत न्हाय, बाई."

छप्पन साली लग्न होऊन ती कराचीला गेली, तेव्हा सतरा वर्षांची होती. मधे दोन लढाया झाल्या. टपालसुद्धा बंद पडलं. व्हिसा हातात पडायला अठ्ठ्याहत्तर उजाडलं. आणि आता एवढा मुलूख ओलांडून आलेली बाई तीन तासांच्या एसटीसाठी अडली होती. ह्या सरकारी डोक्याला काय म्हणावं?

रफिकचं राजारामपुरीत स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं, ते रोज दुपारपर्यंत बंद. अर्ज हातानं लिहून दिला. मग टाइप करून दिला. मग कोर्टफीचं तिकीट लावून दिला. साहेब कधी दौऱ्यावर, कधी रजेवर. वैतागून रफिकनं आजऱ्याला निरोप धाडला, मीच जीपगाडी करून अम्माला आणतो. तिकडून अम्माचाच उलटा निरोप आला, मला हलवायचं नाही. आणि वर, सुगराला म्हणावं कोल्हापुरातच ऱ्हा, कायदा मोडू नकोस.

"ही बी सरकारचीच बाजू घेती," रफिक चिडून म्हणाला.

सुगरा मात्र रोज तेच विचारायची. "अम्माचं तोंड न बघताच जायाचं का रं?"

एकोणिसाव्या दिवशी सकाळी साहेबांनी सही केली. एका दिवसाची परवानगी, संध्याकाळी परत हजर. शिक्का मारताना गणपतरावांचाही चेहरा सैल झाला. "पळा, म्होरली गाडी गाठा," ते म्हणाले.

आजऱ्यात नजीराच्या अंगणात अम्मा भात वाळत घालत होती. दोन्ही पायांवर, धड उभी. सुगरानं धावत जाऊन मिठी मारली आणि दोघी मायलेकी हमसून हमसून रडल्या. रफिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अम्मा, पाय तर धडधाकट हाय तुझा. तिकडं मी कचेरीचं उंबरं झिजवलं की."

अम्मानं त्याच्याकडं बघितलंच नाही. सुगराच्या गालावरून हात फिरवत तिनं विचारलं, "परत कवा जायाचं?"

"आज सांजंच्या गाडीनं," सुगरा म्हणाली. "उद्या कोल्हापुरातनं निघायचं."

अम्मानं हात मागं घेतला आणि पदरानं तोंड पुसलं.

"एकदा हिची पाठवणी केली, त्यातनं अजून सावरले न्हाय," ती रफिकला म्हणाली. "पुन्यांदा करायला कागद आणलास व्हय रं मला?"