होयचा आवाज

विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीच्या दारात पर्स, फोन, पाण्याची बाटली, सगळं काढून घेतलं. "टाळ्या नाहीत, बोलणं नाही," महिला मार्शलनं वसुधाला बजावलं.

खाली मंत्री विधेयक मांडत होते. छापील किमतीपेक्षा स्वस्त विकणाऱ्या दुकानदाराचा माल एकी करून अडवणं आता गुन्हा ठरणार होतं.

तिच्या वडिलांचं, अण्णांचं, औषधांचं दुकान असंच बंद पडलं होतं. ते गिऱ्हाइकांना सूट देतात म्हणून घाऊक विक्रेत्यांनी माल पाठवणं बंद केलं. "छापील भावानं विका, संध्याकाळी गाडी पाठवतो," विक्रेते हसत म्हणायचे. "औषध आहे, पैठणी नव्हे," हे अण्णांचं ठरलेलं उत्तर. फळ्या रिकाम्या झाल्या. आईसकट सगळं गाव म्हणालं, हट्टानं बुडाले. मागच्या महिन्यात अण्णांना खांदा देणाऱ्यांच्याही तोंडी तोच शब्द होता.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं," अध्यक्ष म्हणाले.

"होय!"

वसुधाच्या तळहाताखाली गॅलरीचा लाकडी कठडा थरथरला. रिकाम्या फळ्यांपुढे अण्णा एकटेच जे म्हणत राहिले, ते आता शेकडो अनोळखी माणसं एका दमात म्हणाली होती. 'नाही' म्हणायला कुणीच तोंड उघडलं नाही.

"अहो ताई," मार्शल वाकून कुजबुजली, "मत आमदारांनी द्यायचं. तुम्ही कशाला ओरडलात?"

वसुधानं दचकून तोंडावर हात ठेवला. खाली अध्यक्षांनी विधेयक संमत झाल्याचं पुकारलं. तिचा होय केव्हाच त्या गजरात मिसळला होता, आणि आता तो कुणालाही वेगळा काढता येणार नव्हता.