काठाने गेलेली लहर

या, जवळ सरकून बसा, एका कमानीची गोष्ट ऐका. त्या काळी प्रत्येक मंडपाच्या दाराशी श्वास तपासणारी कमान असे. तिच्यातली नखाएवढी सिलिकॉनची जाळी श्वासातून गेलेल्या अदृश्य टेराहर्ट्झ लहरींमधून फक्त फुप्फुसज्वराची खूण असलेली लहर पुढे सोडी. मग दिवा लाल होई आणि माणसाला बेटावर नेत. तिथून कुणी परतलं नव्हतं.

जाळी घडवणारी भार्गवी त्या दिवशी कमानीशी उभी होती. तिचे वडील, कीर्तनकार अनंतबुवा, रांगेत खोकत होते. लहर अडावी म्हणून तिने जाळीच्या छिद्रांत गुपचूप बुक्का चोळून ठेवला होता.

"अण्णा, आज मागे फिरा ना!"

"अगं, श्रोते खोळंबलेत. भूत पाहिल्यासारखी काय करतेस?"

बुवा कमानीत शिरले आणि बुक्का फुकट गेल्याचं भार्गवीला उमगलं. मधली वाट बुजली तरी लहरीने न अडता काठाकाठाने वळसा घालून जावं, यासाठीच तर ती सात वर्षं झिजली होती!

दिवा लाल झाला.

बुवांनी गळ्यातली वीणा उतरवून तिच्या गळ्यात घातली. "ही जमिनीला टेकू द्यायची नसते, पोरी. आत जा, माझ्या जागी आजचा अभंग तू गा." बुवांना बेटाकडे नेलं, आणि भार्गवी वीणा घेऊन मंडपात शिरली.

बाबांनो, कीर्तनाला बसाल तेव्हा अनंतबुवांची आठवण ठेवा.